छोटी शस्त्रक्रिया आणि फुप्फुसांतील रक्तदाब
(आरोग्यविषयक व्याख्यानाचा सारांश)



सुवर्णमहोत्सवानिमित्त विश्वस्त मंडळाने एका भूलतज्ज्ञास पाचारण केले, याबद्दल मी ऋणी आहे. आमचे रुग्ण निद्रिस्त असतात. बोलण्याची संधी आम्हांस क्वचितच लाभते.

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब सर्वांस परिचित आहे. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाहिनीतील दाब निराळा. विश्रांतीत तो सरासरी १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार २० च्या वर गेल्यास विकार मानतात. पट्ट्याने तो कळत नाही, टू-डी एकोने अंदाज येतो. जिना चढताना लागणारा दम आपण मात्र वयावर ढकलतो.

हा उजवा कप्पा मुळात पातळ भिंतीचा. भूल देताना अंगातील रक्तदाब उतरला, तर त्याच्याच स्नायूला रक्त अपुरे पडते. प्राणवायू घटला, कर्बवायू साचला, अंग गार पडले, तर फुप्फुसांतील वाहिन्या अधिक आखडतात. दोन्ही एकदम घडले की काही मिनिटांत हृदय हार मानते. दुर्बिणीने पित्ताशय काढताना पोटात कर्बवायूच भरतात. मग ती शस्त्रक्रिया छोटी कशी? कमरेत एकदम दिलेली भूलही रक्तदाब झपाट्याने उतरवू शकते.

एका श्राविकेची शस्त्रक्रिया मी ऐनवेळी पुढे ढकलली होती. आदल्या दिवशी त्यांचा चौविहार उपवास झालेला, आणि ‘उपाशीपोटी यायचे’ म्हणून सिल्डेनाफिलची गोळीही दोन दिवस बंद. तपाविषयी मला आदरच आहे. परंतु ही गोळी अचानक थांबली तर फुप्फुसांतील दाब उसळू शकतो, आणि पाण्यावाचून शुष्क झालेल्या देहात भूल देताच रक्तदाब कोसळतो. पच्चक्खाणातच समाधीसाठी औषधाचा आगार आहे. महाराजसाहेबांना विचारण्यात संकोच कसला? सामान्यतः भूल देण्यापूर्वी अन्न सहा तास वर्ज्य असते, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. ही गोळी त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यावयाची असते. भूलतज्ज्ञाला आधी भेटून ते पक्के करावे.

त्या भगिनींची शस्त्रक्रिया पुढील आठवड्यात झाली. गोळी चालू होती, मनगटाच्या धमनीत नळी घालून क्षणोक्षणी दाब पाहिला, आणि दोन रात्री अतिदक्षता विभागात ठेवून त्यांना घरी पाठविले.