न ऐकलेल्या गाण्याची शिफारस

गायनवादनाचा नाद असलेल्या कोणत्याहि घरांत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. जुनें, पारखून घेतलेलें संगीत आपल्यापाशीं पुष्कळ असतें. परंतु आज, या घटकेस जें नवें निर्माण होत आहे, त्यांतलें काय ऐकावें आणि कोणाच्या सांगण्यावरून ऐकावें? वडील माणसें नव्यास गोंगाट म्हणून मोकळीं होतात, तरुण मंडळी गर्दी जिकडे जाईल तिकडे धांवतात, आणि या दोहोंच्या मध्यें खरा रसिक एकटा पडतो. असें एकटें पडण्याचें भय न बाळगतां सदतीस वर्षें नभोवाणीवरून नव्या संगीताची शिफारस करीत राहिलेल्या एका इंग्रज रसिकाची ओळख श्रोत्यांना करून द्यावी, एवढाच या भाषणाचा हेतु आहे. त्याचें नांव जॉन पील.

पीलचें क्षेत्र म्हणजे रॉक संगीत. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें ऱ्हिदम अँड ब्लूज आणि तेथील गोऱ्या ग्रामीण लोकांचें कंट्री संगीत यांच्या मिश्रणांतून १९५० नंतरच्या दशकांत तें जन्मास आलें. विजेवर चालणारी गिटार, खर्जाची बेस गिटार, ढोल-झांजांचा संच आणि मानवी कंठ एवढी त्याची सामग्री. चाल बहुधा सोपी, ठेका ठळक आणि आवाज मोठा. रागदारीवर ज्याचा कान तयार झाला आहे त्याला हें संगीत प्रथम ऐकतांना त्रास होतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण तो त्रास इंग्लंडांतील वडील पिढीलाहि झालाच होता.

पीलचें मूळ नांव जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट. लिव्हरपूलजवळील हेस्वॉल या गांवीं एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरीं ३० ऑगस्ट १९३९ रोजीं त्याचा जन्म झाला. श्रूझबरीच्या जुन्या निवासी शाळेंत तो शिकला. पण अभ्यासांत फारसा चमकला नाहीं. तेथील वसतिगृहाच्या प्रमुख शिक्षकांनीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत अशा अर्थाचा शेरा मारला होता कीं, कानांना असह्य अशा ध्वनिमुद्रिकांचें वेड आणि लांबलचक थट्टेखोर निबंध लिहिण्याची हौस या दोहोंतून हा मुलगा कदाचित् एखादा भयंकर व्यवसाय उभा करील. शिक्षकांचीं भाकितें इतकीं तंतोतंत क्वचितच खरीं ठरतात!

सक्तीची लष्करी नोकरी संपवून १९६० सालीं तो अमेरिकेस गेला. तेथें डल्लस व इतर शहरांतील नभोवाणी-केंद्रांवर निवेदनाचें काम शिकून १९६७ सालीं तो मायदेशीं परतला. त्या वेळीं इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या कांहीं जहाजांवरून परवान्यावांचून चालणारीं केंद्रें लोकप्रिय गाणीं ऐकवीत असत. त्यांपैकीं रेडिओ लंडन या केंद्रावर मध्यरात्रीं बारा ते दोन ही आडवेळ पीलच्या वांट्यास आली. त्या वेळीं वरिष्ठांपैकीं कोणी ऐकत नसतें, हें ध्यानांत येतांच त्यानें ठरलेली यादी बाजूस सारली आणि स्वतःस जें ऐकावेंसें वाटे तेंच तो लोकांना ऐकवूं लागला. ऑगस्ट १९६७ मध्यें नव्या कायद्यामुळें त्यांतील बहुतेक केंद्रें बंद पडलीं. ३० सप्टेंबर रोजीं बी. बी. सी.नें रेडिओ वन हें केंद्र सुरू केलें आणि पील तेथें दाखल झाला. मृत्यूपर्यंत त्यानें तें केंद्र सोडलें नाहीं.

येथें नभोवाणीच्या कारभारांतील एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. बी. बी. सी.वर दिवसाकाठीं किती तास ध्वनिमुद्रिका वाजवावयाच्या, यावर त्या काळीं बंधन असे. वादकांची संघटना आणि ध्वनिमुद्रिका-कंपन्या यांच्याशीं झालेल्या करारांनीं हे तास मोजून दिलेले असत. तबकडी वाजली कीं जिवंत वादकाच्या पोटावर पाय येतो, अशी त्यामागील भावना. उरलेला वेळ भरून काढण्यासाठीं वादकांना स्टुडिओंत बोलावून स्वतंत्र मुद्रण करावें लागे. पुष्कळांना ही अडचण वाटली. पील आणि त्याचे निर्माते यांनीं तिचें सोनें केलें. ज्यांची एकहि तबकडी निघालेली नाहीं अशा पोरांनाहि स्टुडिओंत बोलवावयाचें, एका दिवसांत बहुधा चार गाणीं मुद्रित करून घ्यावयाचीं आणि तीं देशभर ऐकवावयाचीं, असा क्रम सुरू झाला. लंडनमधील मेडा व्हेल येथील स्टुडिओ या कामासाठीं विशेष प्रसिद्धीस आला. ‘पील सेशन्स’ या नांवानें ओळखलीं जाणारीं हीं मुद्रणें अखेर चार हजारांवर गेलीं, व त्यांत दोन हजारांहून अधिक कलावंतांचा समावेश झाला. मुदत एका दिवसाचीच असल्यामुळें सफाईस वाव नसे. पण त्यामुळेंच गाणाराचें अंगचें पाणी लपून राहत नसे.

पीलच्या शिफारशीची रीत ध्यानांत घेण्यासारखी आहे. टीकाकाराप्रमाणें तो निकाल देत बसत नसे. गाणें कोणाचें, तबकडी कोणी काढली, एवढें सांगून तो सुई खालीं टेकवी. कधीं तबकडी चुकीच्या वेगानें फिरे. मग तो स्वतःचीच थट्टा करून ती पुन्हां लावी. जमैकाचें रेगे, झिंबाब्वेची गिटार आणि नेपाम डेथ या वादकवृंदाचा कानठळ्या बसविणारा कल्लोळ हे सारे त्याच्या कार्यक्रमांत एकाच पंक्तीला बसत. या शेवटल्या मंडळींचें एक गाणें तर सेकंद-सव्वा सेकंदांत संपतें! मँचेस्टरकडील द फॉल हा वृंद त्याच्या विशेष आवडीचा. त्याचीं चोवीस सेशन्स झालीं. घरच्या तबकड्यांना अनुक्रमांक देऊन प्रत्येकीचें टांचण तो कार्डावर करून ठेवी. पूर्वीं कधीं ऐकलें नाहीं असें कांहीं ऐकावयास मिळावें, हीच आपली इच्छा, असें तो सांगत असे. या साध्या वाक्यांत त्याचें सगळें रसशास्त्र आलें.

परंतु अशा शिफारशीची किंमत द्यावी लागते. मार्क बोलन हा तरुण गायक पीलचा जिवलग मित्र होता. त्याच्या टिरॅनोसॉरस रेक्स या जोडीस लोकांपुढें आणण्यांत पीलचा मोठा वांटा होता; तिच्या १९६८ मधील पहिल्या संग्रहांत एक वनकथाहि पीलनें वाचली आहे. पुढें बोलननें विजेची गिटार हातीं घेतली, नांव आखडून ‘टी. रेक्स’ केलें आणि १९७१ सालीं ‘गेट इट ऑन’ या गाण्यानें इंग्लंडांत पहिला क्रमांक पटकाविला. पीलला तें गाणें आवडलें नाहीं, व आपली नावड त्यानें लपविलीहि नाहीं. मैत्री तुटली ती तुटलीच. १९७७ सालीं बोलन मोटारीच्या अपघातांत मरण पावला. मित्राचें गाणें मनास न आलें तर माणसानें काय करावें? गप्प बसणें सोपें होतें. पण ज्याच्या आवडीवर हजारों अनोळखी माणसें विसंबतात, त्यानें एकदां भीड धरली कीं पुढच्या प्रत्येक शिफारशींत ती भीड मिसळते. पीलनें भीड धरली नाहीं हें योग्यच. मात्र तें सत्य मित्रापर्यंत कोणत्या वाटेनें पोंचावें, हाहि विचार रसिकानें करावयाचा असतो.

मित्र गमावण्यापेक्षांहि मोठी कसोटी १९७६ सालीं आली. रॉक संगीत तोंवर प्रौढ झालें होतें. दीर्घ गीतें, गिटारवरील कसरती आणि भव्य सभागृहें यांचा तो काळ. पीलचे नेहमींचे श्रोते त्यावर संतुष्ट होते आणि पीलनेंच त्यांना तें ऐकावयास शिकविलें होतें. त्या वर्षीं न्यूयॉर्कच्या रमोन्स या वृंदाचा पहिला संग्रह त्याच्या हातीं आला. एकोणतीस मिनिटांत चौदा गाणीं. कसरत नाहीं, आलंकारिकता नाहीं, नुसता वेग. पंक या नांवानें जें नवें वळण पुढें प्रसिद्ध झालें, त्याची ही नांदी होती. पीलनें तीं गाणीं लावलीं आणि जुन्या श्रोत्यांचीं संतप्त पत्रें आलीं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानें ‘फेस्टिव्ह फिफ्टी’ नांवाची पन्नास आवडत्या गाण्यांची यादी श्रोत्यांच्या मतांवरून केली. पहिला मान मिळाला लेड झेपेलिन या वृंदाच्या ‘स्टेअरवे टु हेवन’ला, म्हणजे पांच वर्षांच्या जुन्या गाण्याला.

त्या वेळीं पील सदतीस वर्षांचा होता. या वयांत माणसाची आवड बहुधा घट्ट होते. श्रोत्यांचें मन राखून जुनीं गाणीं लावीत राहणें त्याला सहज शक्य होतें. कोणी दोष दिला नसता. त्यानें तसें केलें नाहीं. १९७७ सालची यादी त्यानें मतें न घेतां स्वतःच तयार केली आणि कार्यक्रम नव्या पोरांना मोकळा करून दिला. जुने श्रोते गेले, नवे आले; श्रोत्यांचें सरासरी वय एकाएकीं दहा वर्षांनीं घटलें, असें तो सांगे. १९७८ च्या यादींत सेक्स पिस्टल्सचें ‘अ‍ॅनार्की इन द यू. के.’ पहिलें आलें. ज्यांनीं विश्वास टाकला त्यांनाच दुखविण्याचा धोका पत्करल्यावांचून नव्याची शिफारस होत नाहीं, हें पीलच्या चरित्राचें सार आहे.

या धाडसाचें गोड फळ म्हणजे अंडरटोन्स. उत्तर आयर्लंडांत डेरी शहर त्या काळीं बॉम्ब, गोळीबार आणि सैनिकांचे पहारे यांनीं गांजलें होतें. तेथल्या पांच पोरांनीं बेलफास्टच्या एका लहानशा कंपनीकडून ‘टीनेज किक्स’ हें गाणें काढलें. त्यांत ना लढा, ना घोषणा. किशोरवयीन मुलाच्या मनांतील ओढ तेवढी आहे. सप्टेंबर १९७८ मध्यें पीलनें तें एकाच कार्यक्रमांत लागोपाठ दोनदां लावलें. ज्या पोरांचें नांव गांवाबाहेर कोणास ठाऊक नव्हतें, त्यांच्याशीं लवकरच एका अमेरिकन कंपनीनें करार केला. पीलचें सर्वांत आवडतें गाणें अखेरपर्यंत हेंच राहिलें.

पीलची प्रत्येक निवड अचूक होती, असें मात्र कोणी समजूं नये. त्यानें बोलाविलेल्या कलावंतांपैकीं बहुसंख्यांचीं नांवें आज विस्मृतींत गेलीं आहेत. त्याचें खासगी जीवनहि डाग नसलेलें नव्हतें; अमेरिकेंत १९६५ सालीं त्यानें पंधरा वर्षांच्या मुलीशीं पहिला विवाह केला, आणि तरुणपणींच्या त्याच्या अशा वर्तनावर पुढें कठोर टीका झाली. ती योग्यच आहे. कानाचा चोखपणा आणि आचरणाचा चोखपणा या दोन वेगळ्या गोष्टी होत.

आतां ज्या घरांत हें संगीत परकें आहे, तेथें आरंभ कोठून करावा? प्रथम ‘टीनेज किक्स’ ऐकावें. तें अडीच मिनिटांचें असल्यानें नावडलें तरी फार वेळ जात नाहीं. मग झिंबाब्वेच्या भुंडू बॉईज यांचा १९८६ चा ‘शबिनी’ हा संग्रह घ्यावा; त्यांची झुळझुळती गिटार आपल्या कानांस चटकन् आपलीशी वाटेल. तिसरा, मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचा १९७९ मधील ‘अननोन प्लेझर्स’. तो उदास आहे. रात्रीं, एकट्यानें ऐकण्याजोगा. कॅप्टन बीफहार्टचा १९६९ मधील ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ पीलला थोर कलाकृति वाटे; पण त्यापाशीं सर्वांत शेवटीं जावें. त्यांतील वाद्यें एकमेकांशीं भांडतात असें प्रथम वाटतें. तिसऱ्या-चौथ्या वेळीं त्या भांडणांतील शिस्त ऐकूं येऊं लागते.

पील २५ ऑक्टोबर २००४ रोजीं पेरू देशांतील कुस्को येथें हृदयविकारानें वारला. तेव्हां तो पासष्ट वर्षांचा होता. सफोक परगण्यांत, ग्रेट फिनबरो या त्याच्या गांवच्या चर्चच्या आवारांत त्याचें थडगें आहे आणि शिळेवर अंडरटोन्सच्या त्याच गाण्याची एक ओळ कोरली आहे. ग्लास्टनबरीच्या संगीतोत्सवांतील एका मंचास २००५ पासून त्याचें नांव होतें. २०२३ सालीं तें बदललें.

आज नवें संगीत हुडकून देण्याचें काम यंत्रें करितात. आपण काल काय ऐकलें याचा हिशेब ठेवून त्यासारखेंच आणखी कांहीं तीं पुढें ठेवितात. सोय उत्तम आहे. पुष्कळदां त्यांची निवडहि मनाजोगी असते. परंतु जें आपल्या आवडीस सोडून आहे, पहिल्या ऐकण्यास जें कडू लागतें, त्याच्यासाठीं रदबदली करावयास शेजारीं कोणी तरी माणूसच लागतो. तो माणूस नभोवाणीवरच असला पाहिजे असें नाहीं. आठवड्यांतून एका सायंकाळीं घरांतील सर्वांत धाकट्यानें एक नवें गाणें निवडावें, आणि इतरांनीं मध्येंच न उठतां व न बोलतां तें शेवटपर्यंत ऐकावें. नंतर पाहिजे तेवढा वाद घालावा. एवढा परिपाठ ठेवला तरी पुष्कळ होईल.