बाहेरचा नळ आणि घराची भिंत



वसंतातल्या या व्यासपीठावर विद्वानांनी इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांवर बोलावे, ते योग्यच आहे. मी शाळा लवकर सोडलेला आणि कामगार संघटनेत आयुष्य घातलेला माणूस आहे. म्हणून मी माझ्या आवाक्यातला विषय घेतला आहे, तो म्हणजे घराबाहेरचा नळ. हा विषय हसण्यावारी नेऊ नका. छप्पर गळू लागले की आपण त्याच दिवशी धावाधाव करतो. बाहेरचा नळ मात्र वर्षानुवर्षे गळत असतो.

सेकंदाला एक थेंब धरला, तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. हे पाणी जाते कोठे? नळाखालची फरशी फुटलेली असेल, उतार भिंतीकडे असेल, तर ते जोत्यात मुरते. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते विटांतून वर चढते. पाणी सुकते, क्षार मागे राहतात, भिंतीला लोणा लागतो आणि गिलाव्याचे पोपडे पडतात. ओल सिमेंटच्या खांबात पोचली तर आतल्या सळ्या गंजतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो वरचे काँक्रीट फोडून बाहेर येतो. अशा भिंतीला वरून रंग देण्यात पैसा घालवू नये. आधी पाणी थांबवावे, भिंत पुरती सुकू द्यावी आणि मगच गिलावा करावा.

आता उपाय सांगतो. नळ ठिबकू लागला की आपण चावी जोर लावून पिळतो. त्याने झिजलेला वायसर आणखी चिरडतो आणि तो ज्यावर बसतो ती पितळी बैठकही खराब होते. मुख्य कॉक बंद करून नवा वायसर घालावा. काम थोड्या वेळाचे आणि थोड्या खर्चाचे आहे. पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथली फट सिमेंटने बुजवावी. नळाखालच्या फरशीला भिंतीपासून दूर, पन्नास इंचांमागे एक इंच असा उतार ठेवावा आणि ते पाणी गटारापर्यंत न्यावे.

रबरी नळीचेही एक पथ्य आहे. काम झाल्यावर पुढची पिचकारी बंद करून नळ तसाच चालू ठेवू नये. गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असेल, तर खाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब असतो. उन्हाने जीर्ण झालेली नळी तो सारा वेळ सोसते आणि कोणी घरात नसताना सांध्याशी निसटते. बंद करायचे ते नळापाशी.

आपल्या कित्येक गावांत पाणी ठरावीक वेळीच येते. कोरडा नळ उघडून पाहायचा, पाणी नाही म्हणून तसाच सोडून जायचे, ही सवय घातक आहे. पहाटे पाणी येते तेव्हा सारे झोपेत असतात. पाणी दिसत नाही म्हणजे नळ बंद आहे असे समजू नये. चावी हाताने फिरवून पाहावी.

आणि हे नुकसान कोणाला सोसावे लागते? तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला. ओल त्यांच्या भिंतीला, बुरशी त्यांच्या कपाटात आणि कुबट हवा त्यांच्या मुलांच्या छातीत. वरच्या मजल्यांना त्याची झळ नाही, म्हणून सभेत हा प्रश्न शेवटी येतो आणि तसाच पुढे ढकलला जातो. कारखान्यात ज्या यंत्राचा माणूस नेमलेला नसतो, त्याची देखभाल होत नाही. बाहेरचा नळही सगळ्यांचा म्हणून कुणाचाच नसतो.

म्हणून माझी विनंती एवढीच, की चाळीत, वाड्यात वा सोसायटीत, पुढल्या सभेत पहिला विषय हाच घ्या. नळाची देखरेख कोणाकडे ते नावानिशी ठरवा. वायसरचा खर्च आणि प्लंबरची रास्त मजुरी सर्वांच्या वर्गणीतून द्या. त्या सभेत तळमजल्याच्या माणसाला आधी बोलू द्या.