बागेतलं बाकडं

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली फेब्रुवारीतली राणीच्या बागेची सहल कशी झाली, यावर मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी मूळचा लालबागचा, चाळीत वाढलेला, म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं. पण सहलीबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती जरा अवघड आहे, म्हणून शेवटी सांगतो.

मेगाब्लॉक नसलेला रविवार शोधण्यातच आपले दोन महिने गेले. अखेर तो सापडला आणि आपण ४३ जण लोकलने भायखळ्याला उतरलो. पूर्वेला बाहेर पडून रमतगमत चालत गेलो. मोठ्यांना ५० रुपये तिकीट ऐकून मंडळी कुरकुरली. कुरकुरणाऱ्यांत मीच पहिला होतो, कारण २०१७ पर्यंत इथे चिल्लर दिली की आत सोडत.

बागेचं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. १८६२ साली ती लोकांसाठी उघडली तेव्हा व्हिक्टोरिया गार्डन्स होती. व्हिक्टोरिया राणी गेली, राज्य गेलं, पण आपल्या तोंडी 'राणीची बाग' तशीच राहिली. दाराजवळच डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं संग्रहालय आहे, १८७२ मध्ये उघडलेलं. त्याच्या बाजूला दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. पुढे त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना तो पडून फुटला. ते तुकडे या बागेत आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडले. मुलांना मी हे सांगत होतो, तेव्हा ए विंगमधल्या एका छोटीने विचारलं, "आजोबा, फेविकॉलने?" मला उत्तर आलं नाही.

मुलांना अर्थात पेंग्विनची घाई होती. त्यांना रांगेत उभं केलं आणि आम्ही पिकलेली पानं झाडं बघायला निघालो. तुम्हाला खरं सांगतो, या बागेचं वैभव झाडांत आहे. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडावर लगडतात. आत पिंड आणि वर नागफणी असावी तशी. गोरखचिंचेचं खोड इतकं जाडजूड की त्यापुढे फोटो काढायला सगळ्या वहिनी एका ओळीत उभ्या राहिल्या, तरी खोड उरलंच. आणि सीतेचा अशोक! आपल्या कुंपणाला जो सरळसोट उंच वाढलाय त्याला आपण अशोक म्हणतो, पण तो आसुपालव. खरा अशोक पसरट, डेरेदार, आणि या दिवसांत केशरी गुच्छांनी भरलेला असतो. अशी तीन हजारांवर झाडं तिथे आहेत. साधारण २००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करायची मोठी योजना निघाली, तेव्हा ही झाडं जातील म्हणून काही नागरिक उभे राहिले. त्यांत पुढाकार बायकांचा होता. त्यांनी झाडं मोजली, नोंदली, लोकांना बोलावून दाखवली. तो मूळ आराखडा अखेर बाजूला पडला.

आता माझी गोष्ट.

आमची खोली दहा बाय बाराची, माणसं सात. बाबा गिरणीत. सुट्टीच्या दिवशी ते आम्हा भावंडांना या बागेत आणायचे. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. घरी बसले म्हणायचं, पण बसणार कुठे? पुरुष माणूस दिवसभर खोलीत असला की घरातल्या बायकांना वावरता येत नाही. बाबा सकाळी चहा घेऊन निघायचे ते जेवायला परत. कुठे जातात ते आई विचारायची नाही.

पावसाळा संपत आला होता. मला बँकेतून मुलाखतीचं पत्र आलं. आई म्हणाली, "जा, बाबांना बागेत बघ." म्हणजे तिला माहीत होतं. एका पर्जन्यवृक्षाखाली बाकड्यावर ते बसले होते, बाजूला आणखी दोघे गिरणीवाले. तिघंही गप्प. मी पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि म्हणाले, "बस जरा." मी बसलो. बऱ्याच वेळाने एवढंच बोलले, "इथं बरं असतं. का बसलास म्हणून कुणी विचारत नाही."

गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा सुरू झाली नाही. नोकरी मला लागली, पुढे या सोसायटीत घर झालं. ते वाक्य मात्र मी विसरलो होतो.

आता अवघड भाग. आपल्या सी विंगच्या मागे बदामाच्या झाडाखाली दोन बाकडी होती, जुन्या सभासदांना आठवत असतील. रात्री पोरं बसतात, हसतात, अशा तक्रारी आल्या. सर्वसाधारण सभेत बाकडी काढून तिथे पेव्हर ब्लॉक घालून दोन गाड्यांची जागा करायचा ठराव आला. मी तेव्हा खजिनदार होतो. ठराव मीच मांडला. चिठ्ठ्या टाकल्या, त्यातली एक जागा मलाच लागली. सगळं नियमाप्रमाणे झालं.

गेल्या वर्षी बी विंगमधल्या आपल्या एका ज्येष्ठ सभासदांच्या पत्नी गेल्या. त्यांची परवानगी घेऊनच सांगतो आहे. एका संध्याकाळी ते खाली मीटरच्या पेट्यांसमोर जिन्याच्या पायरीवर बसलेले दिसले. मी काळजीनेच विचारलं, "काका, इथे का बसलात?" ते म्हणाले, "काही नाही, सहज," आणि उठून वर गेले. पुन्हा त्या पायरीवर ते मला दिसले नाहीत.

सहलीला ते आले होते. पेंग्विनच्या रांगेत त्यांना रस नव्हता. मी माझा तो पर्जन्यवृक्ष शोधत होतो, तेही बरोबर आले. बाकडं जुनं नव्हतं, झाड बहुधा तेच. आम्ही बसलो. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग ते आपणहून काकूंबद्दल बोलू लागले. हॉस्पिटलमधले शेवटचे दिवस, घरात अजून तशीच असलेली त्यांची औषधांची पेटी, आणि मुलाने 'आमच्याकडे चला' म्हटल्यावर पाय का निघत नाही, ते. अर्धा तास बोलले. पंचवीस वर्षं शेजारी राहून आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो. बोलणार कुठे? लिफ्टमध्ये?

तेव्हा मला बाबांचं वाक्य आठवलं. जे कुणी विचारत नाही म्हणून माझा बाप त्या बागेत जाऊन बसायचा, नेमकं तेच मी काकांना विचारलं होतं. आणि त्यांची बसायची जागा मीच काढून घेतली होती.

मंडळी, गाडी मी दिवाळीनंतर विकली. पार्किंगची ती जागा मी सोसायटीला परत करतो आहे. तसा अर्ज आज सकाळी सेक्रेटरी साहेबांच्या हातात दिला आहे. विनंती एकच, ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या गाडीला देऊ नका. चार पेव्हर ब्लॉक उचलून तिथे एक बाकडं परत ठेवूया. खर्च माझा. यादीतल्या सभासदांची अडचण मला कळते, त्यांची मी आत्ताच माफी मागतो. त्यांनी येत्या सभेत माझ्याशी जरूर भांडावं. रात्री पोरं बसतील, हसतील, तेही होईल. पोरांनीही बसायचं कुठे?

बदाम अजून उभा आहे. सध्या त्याची लाल पानं गाड्यांच्या टपावर पडतात आणि आपण वॉचमनला हाका मारतो.