विजेची फेरारी पन्नास वर्षांनी कोण उघडणार?

(हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, डिसेंबर २०२५)



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘फेरारीची पहिली विजेवरची गाडी : तर्क आणि वितर्क’. तर्काला जागा भरपूर आहे, कारण गाडी अजून जगापुढे आलेलीच नाही. ९ ऑक्टोबरला इटलीत मारानेल्लोला कंपनीनं दाखवला तो नुसता सांगाडा : चासी, बॅटरी, मोटारी. आतली सजावट नव्या वर्षाच्या सुरुवातीला आणि अख्खी गाडी वसंतात, असं त्यांनीच जाहीर केलंय. तोवर जगभर चित्रं काढण्याचा उद्योग जोरात आहे. नाक कसं असेल, छप्पर कुठं उतरेल, जॉनी आइव्ह आणि मार्क न्यूसन या डिझायनरांशी करार आहे म्हणजे आत बटणं राहतील की सगळं काचेवर. मी त्यात शिरत नाही. रूप चार महिन्यांत दिसेलच.

एन्झो फेरारी, १९४७, उधळलेला घोडा, हे तुम्हाला माहीत आहे. सचिनला मिळालेली फेरारी आणि तिच्या आयात शुल्काचा वाद तर या सभागृहातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असणार. पुढं जाऊ.

आकडे मात्र सांगतो. चार मोटारी, चाकागणिक एक. बॅटरी १२२ किलोवॅट-तासांची. हजारावर अश्वशक्ती. शून्य ते शंभरचा वेग अडीच सेकंदांत, (मागून शिट्टी) कमाल वेग ताशी ३१० किलोमीटर, एका चार्जिंगवर ५३० किलोमीटरच्या वर मजल. वजन साधारण २३०० किलो. शिट्टी मारली त्या मित्राला सांगतो, अडीच सेकंदांचं कौतुक आता जपून करायला हवं. विजेची मोटार पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या चारदारी कौटुंबिक गाड्याही याच्या आसपास पोचल्यात. वेग स्वस्त झाला. मग फेरारीचं स्वतःचं असं काय उरलं?

‘आवाज!’ बरोबर, मला वाटलंच कुणीतरी ओरडणार. (हशा) आवाजाबद्दल सगळ्यांत जास्त तर्क चालले होते आणि उत्तर त्यांनी ऑक्टोबरमध्येच देऊन टाकलं. खोटा इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाजवणार नाहीत. मागच्या ॲक्सलवर एक ॲक्सेलरोमीटर बसवलाय. मोटारी आणि गिअर यांची खरी थरथर तो टिपतो आणि इलेक्ट्रिक गिटारच्या तारेची थरथर ॲम्प्लिफायरमधून मोठी करावी तशी ती मोठी केली जाते. मला हे मनापासून पटलं. यंत्राचा आवाज यंत्रातूनच यावा. आणि यात एक योग बघा. २०२१पासून फेरारीचे प्रमुख असलेले बेनेदेत्तो विन्या मोटारींच्या धंद्यातले नव्हेतच. ते भौतिकशास्त्रज्ञ. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्समध्ये हालचाल टिपणाऱ्या ज्या बारीक चिपा घडवण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली, त्या निन्टेंडो वीच्या रिमोटमध्ये बसल्या आणि घराघरात पोचल्या. त्याच जातीची चिप आज फेरारीच्या ॲक्सलवर कान लावून बसलीय.

पण आवाजावर थांबलो तर आजची संध्याकाळ वाया गेली असं मी म्हणेन. फेरारी फेरारी राहते ती टिकते म्हणून. १९६२ ते १९६४ या काळात त्यांनी २५० जीटीओ नावाच्या अवघ्या ३६ गाड्या केल्या. त्यातली एक २०१८मध्ये लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. साठी गाठलेलं यंत्र या किमतीला का जातं? ते आजही पळतं म्हणून! मारानेल्लोत ‘क्लासिके’ नावाचा विभाग आहे. १९४७पासूनची रेखाचित्रं तिथं जपलेली आहेत. पिस्टन गेला, नवा घडवा. ब्लॉक तडकला, नवा ओता. त्या गाडीत असा एकही भाग नाही जो कसबी हातांना पुन्हा करता येणार नाही.

आणि बॅटरी? लिथियमचा सेल वापरल्यानं झिजतो आणि नुसता पडून राहिला तरी झिजतो. आतल्या रसायनांना कॅलेंडर कळतं. हेच माझं आजचं म्हणणं आहे आणि इथून पुढं मी त्यापासून हलणार नाही : विजेवरच्या कुठल्याही गाडीची परीक्षा तिचा वेग मोजून करू नका, तिची बॅटरी उघडता येते का ते बघून करा.

मोटारीची मला चिंता नाही. का नाही ते सांगायला तुम्हाला सांगलीकडच्या एका रिवायंडिंगच्या दुकानात नेतो. आपल्याकडं तालुक्याच्या गावाला असं दुकान नाही असं होत नाही. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती मोटारसायकलवर मागं बांधून आणतो. मिस्त्री वास घेऊनच सांगतो, फेज गेला होता का सिंगलवर चालली. मग छिन्नीनं एका बाजूचं तांब्याचं डोकं उडवायचं, जळकी कॉइल ओढून काढायची आणि वेढे मोजायचे. एक कॉइल सुटी करून, एकेक तार बाजूला सारत. गेज मायक्रोमीटरनं बघायचं. हे सगळं एका जुनाट वहीत लिहिलेलं असतं : कुठल्या कंपनीची, किती हॉर्सपॉवर, किती वेढे, पिच केवढा. मी ती वही चाळलीय. शाईचे तीन पिढ्यांचे रंग आहेत तिच्यात. मग खाचेत इन्सुलेशनचा कागद, नवी तार, वर बांबूची पाचर, वार्निश, आणि मोठ्या बल्बच्या उबेला सुकवत ठेवायचं. सबमर्सिबल असेल तर काम आणखी नाजूक. तिची तार प्लास्टिकच्या कवचाची, ती वरून दाबून बसत नाही. स्टेटरच्या दोन्ही तोंडांशी दोन माणसं बसतात आणि एकेक वेढा हातानं ओवतात, इकडून ढकल, तिकडून ओढ. आणि घाई केवढी! ऊस वाळतोय, रात्रीची लाइट यायच्या आत मोटार विहिरीत गेली पाहिजे. तिथं एक पोरगा, सतरा-अठराचा असेल, न बघता ओवत होता आणि बोलत होता माझ्याशी...

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. ‘फेरारी’ एवढंच लिहिलंय. (हशा) येतो, येतो. पण मी फेरारीबद्दलच बोलत होतो. पुढच्या चाकांच्या त्यांच्या मोटारी मिनिटाला ३०,००० फेरे घेतात. सांगलीच्या दुकानात त्या भरता येणार नाहीत हे मलाही कळतं. तरी शेवटी तांबं, पोलाद आणि चुंबक. कुणीतरी, कधीतरी, त्या पुन्हा भरेल.

बॅटरीत सेल कोरियातल्या एसके ऑनचे. मॉड्यूल पंधरा. जोडणी मारानेल्लोतच. जून २०२४मध्ये राष्ट्राध्यक्ष मात्तारेल्ला यांच्या हस्ते ज्या ‘ई-बिल्डिंग’चं उद्घाटन झालं, तिथं. बॅटरी चासीचाच भाग आहे, पण खालून उतरवता येते. हे मी फार मोठं मानतो. कारण अमेरिकेत टेस्लानं मॉडेल वायच्या काही गाड्यांत सेलांच्या मधे फोम ओतून अख्खा ठोकळा एकजीव केला. कारखान्यात सोयीचं, वजनाला बरं, आणि दुरुस्ती करणाऱ्याला दगड.

आता खरा तर्क, माझा. फेरारीनं आपल्या हायब्रिड गाड्यांसाठी गेल्या वर्षी एक वॉरंटी काढली. दरवर्षी पैसे भरा, आठव्या आणि सोळाव्या वर्षी नवी बॅटरी मिळेल. माझा अंदाज, विजेच्या गाडीलाही असंच काहीतरी येणार. उत्तम. पण सोळानंतर? चाळिसाव्या वर्षी सेलचं रसायन बदललेलं असेल, आकार बदललेला असेल.

तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘आम्हाला काय त्याचं?’ ऐकू आलं मला. रागावत नाही, पण उत्तर देणार. माझ्या भाच्याची विजेची स्कूटर आहे. वॉरंटी संपली आणि मजल निम्म्यावर आली. कंपनीच्या माणसानं सांगितलं, पूर्ण पॅक बदला. बाहेर एका कारागिरानं तपासलं तेव्हा मोजकेच सेल कमजोर निघाले. पण ते बदलणार कसे? सगळं डिंकानं चिकटवून बंद. जवळजवळ निम्म्या स्कूटरचे पैसे मागितले त्याला. या गावात अशा स्कूटरी रोज वाढतायत. म्हणून मारानेल्लोत काय ठरतं ते मला महत्त्वाचं वाटतं. महाग गाडीत जे प्रतिष्ठेचं ठरतं ते पुढं सगळीकडं मागता येतं. (टाळ्या) युरोपात फेब्रुवारी २०२७पासून गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होतोय : आत काय आहे, तब्येत कशी आहे. आपल्याकडंही हे मागायला हवं, आणि स्कूटरपासून.

दुसरी चिठ्ठी. दोन मिनिटं. मग सॉफ्टवेअरचं घाईत सांगतो, ते सविस्तर सांगायचं राहिलं. नवं मॉड्यूल बनवलं, बसवलं, तरी गाडीच्या संगणकानं त्याला ओळखलं पाहिजे. ओळख पटली नाही तर हजार अश्वशक्ती जागच्या जागी उभी. ही ओळख पटवण्याची किल्ली आज कंपनीच्या हाती असते. म्हणून फेरारीकडं माझी मागणी अशी आहे : क्लासिकेच्या कपाटात व्ही-१२ इंजिनांची रेखाचित्रं आहेत, त्यांच्याशेजारी या बॅटरीची भाषाही लिहून ठेवा. मॉड्यूल गाडीशी काय बोलतं, कुठल्या व्होल्टेजला, कुठल्या क्रमानं. आणि ठरावीक वर्षांनी ती कागदपत्रं बाहेरच्या कारागिरांना खुली करा. वसंतात पडदा उठेल तेव्हा पत्रकार रंग विचारतील, किंमत विचारतील. आपल्यापैकी ज्यांची मुलं-नातवंडं तिकडं युरोपात मोटार कंपन्यांत नोकरीला आहेत, त्यांनी हे विचारायला सांगा.

चार्जिंगबद्दल विचारायचं असेल त्यांनी आत्ता विचारा, हॉल साडेआठला रिकामा करायचाय.