पोरगा मोठ्या संघासाठी तयार झाला, हे कोणी ठरवायचं?



कवीला फुटबॉलवर बोलायला कशाला बोलावलं, असं काहींच्या मनात आलं असेल. मी कोहमाऱ्यात राहतो. गोंदिया जिल्ह्यातलं सडक अर्जुनी तालुक्यातलं हे गाव महामार्गावरच्या चौकासाठीच लोकांना माहीत. पूर्वीचा सहा नंबरचा आणि आताचा ५३ नंबरचा हा महामार्ग, नागपूर-रायपूरचे ट्रक रात्रंदिवस त्यावरून जात असतात. आमच्याकडे कबड्डी आहे, क्रिकेट तर आहेच. फुटबॉलची गोडी मला लागली ती बी.ए.च्या वर्षांत कामठीला. कामठीत रब्बानी क्लबचा सामना असला की दुकानांतली निम्मी माणसं मैदानावर दिसायची. तेव्हापासून शेर आणि फुटबॉल या दोन गोष्टी माझ्या पाठीस लागल्या आहेत. घरच्यांचं दोन्हींविषयीचं मत सारखंच आहे!

आजचा विषय एका प्रश्नातून निघाला. आमच्या गावाजवळचा सोळा वर्षांचा एक मुलगा मधल्या फळीत खेळतो. वडिलांची दीड एकर धानाची शेती आणि रस्त्यावर पंक्चरचं दुकान. नागपूरच्या एका क्लबानं मुलाला शालेय स्पर्धेत पाहिलं आणि कनिष्ठ संघात न ठेवता एकदम वरिष्ठ संघात घेतो असा निरोप धाडला. वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "खानसाहेब, पोरगा तयार झाला का नाही, तेवढं सांगा ना जी."

मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही.

आघाडीच्या खेळाडूचं काम तुलनेनं सरळ असतं. नव्वद मिनिटांत एकदा त्याच्या पायाला चेंडू नीट लागला की तो हिरो. गोलरक्षकाची चूक सगळ्यांना दिसते, पण त्याला निदान ठाऊक असतं की समोरून चेंडू येणार. मिडफिल्डरचं तसं नाही. त्याच्या चारही बाजूंनी माणसं असतात. चेंडू पायाशी येण्याआधीच मागे कोण आहे, डावीकडे कोण मोकळं आहे, हे त्याला ठाऊक असावं लागतं. गेइर जॉर्डेट या नॉर्वेच्या संशोधकानं इंग्लंडच्या लीगमधल्या खेळाडूंचा नेमका हाच अभ्यास केला. चेंडू येण्याआधी जे मान वळवून जास्त वेळा आजूबाजूला पाहतात, त्यांचे पास जास्त अचूक जातात असं त्याला आढळलं. म्हणजे मिडफिल्डर पारखताना पायांच्या आधी मान पाहावी. मी आमच्या या पोराला तीन सामन्यांत पाहिलं. पाय सुरेख आहेत. मान मात्र चेंडू आल्यावर वळते. मुलांच्या सामन्यात हे खपून जातं, कारण समोरचाही तेवढाच उशिरा पोचतो. तीस वर्षांचा कसलेला गडी एवढा उशीर करत नाही.

आता खऱ्या उदाहरणाकडे येतो. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. नवी मुंबईतही सामने झाले. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीला होता. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही त्या संघात होता. पण मला सांगायचं आहे ते मधल्या फळीतल्या तीन पोरांबद्दल. तिघेही ईशान्येकडचे. अमरजित सिंग कियाम हा कर्णधार. जीक्सन सिंग हा उंचापुरा मणिपुरी मुलगा आधी निवडीत नव्हता, उशिरा संघात आला. आणि मिझोरमचा लालेंगमाविया, ज्याला सगळे अपुइया म्हणतात. त्या स्पर्धेत त्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही.

९ ऑक्टोबर २०१७, दिल्ली. कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जीक्सननं डोक्यानं गोल केला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत भारताचा हा पहिलाच गोल. सारं स्टेडियम उभं राहिलं आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल करून सामना नेला. आनंदात आपली पोरं जागा सोडून बसली होती, असं मला टीव्हीवर पाहताना वाटलं. मोठा संघ आणि पोरांचा संघ यांतला फरक मला त्या एका मिनिटात जितका कळला, तितका कुठल्या लेखातून कळला नाही.

यानंतर महासंघानं या मुलांना 'इंडियन ॲरोज' या संघातून थेट आय-लीगमध्ये उतरवलं. मोठ्या माणसांशी खेळून शिका, हरलात तरी चालेल, असा हा प्रयोग होता. २०१० साली तो पहिल्यांदा सुरू झाला, मधे बंद पडला, २०१७ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि २०२२ मध्ये गुंडाळला. तो मोडायला नको होता, असं माझं मत आहे. पोरांना हरण्याची मुभा देणारा संघ आपल्याकडे दुसरा कुठे आहे?

पुढे काय झालं पाहा. भारताच्या मुख्य संघात पहिला गेला तो कर्णधार अमरजित. २०१९च्या किंग्ज कपमध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी. सगळ्यांना वाटलं, आता दहा वर्षांची चिंता मिटली. पण दुखापती आल्या, जमशेदपूर, गोवा, ईस्ट बंगाल असे संघ बदलत गेले आणि त्याच्यासाठी धरलेली जागा इतरांकडे गेली. जीक्सन केरळ ब्लास्टर्सच्या राखीव संघातून वर आला. २०१९मध्ये तो क्लबच्या मुख्य संघात आला आणि भारताच्या संघात २०२१मध्ये. अपुइयाची तर गंमतच. विश्वचषकात ज्याचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं, तोच २०२०-२१च्या मोसमात नॉर्थईस्ट युनायटेडचा कर्णधार झाला, लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला, त्याच वर्षी भारताकडून खेळला आणि मग मुंबई सिटीत आला. त्या मोसमात नॉर्थईस्टची सूत्रं मध्येच खालिद जमील यांच्याकडे आली होती. मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं राबलेले हे प्रशिक्षक स्वतः मिडफिल्डर होते आणि २०२५मध्ये ते भारताच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले.

आमच्या झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. धानाचे पऱ्हे एकाच दिवशी टाकलेले असतात. साधारण तीन आठवड्यांचे झाले की रोवणी करतात. फार कोवळे उपटले तर चिखलात दबून जातात, फार दिवस ठेवले तर पुढे फुटवे कमी येतात. हे दुसरं लोक विसरतात. पोराला जपून-जपून वीस-एकविसाव्या वर्षापर्यंत पोरांतच खेळवलं तर तोही वाया जातो. आपल्या देशात कोवळे उपटल्यानं जेवढे गेले, त्याहून जास्त बांधावर पडून जून होऊन गेले असावेत असा माझा अंदाज आहे.

इंग्लंडच्या आर्सेनलकडे या दोन्ही बाजूंचा दाखला आहे. सेस्क फाब्रेगास हा स्पॅनिश मिडफिल्डर २००३मध्ये सोळा वर्षं १७७ दिवसांचा असताना मुख्य संघातून खेळला. पण तो सामना लीग कपातला, म्हणजे दुय्यम स्पर्धेतला होता. लीगमध्ये त्याला उतरवलं ते पुढच्या मोसमात. त्याच क्लबाचा जॅक विल्शेर २००८मध्ये सोळाव्या वर्षीच लीगमध्ये खेळला. सामना ब्लॅकबर्नविरुद्ध होता. हा ब्लॅकबर्न क्लब पुढे २०१०मध्ये आपल्या पुण्याच्या वेंकीजनं विकत घेतला, पण ते असो. २०१०-११च्या एका मोसमात विल्शेर क्लबसाठी ४९ सामने खेळला. त्यानंतरचा अख्खा मोसम घोट्याच्या दुखापतीत गेला. २०२२मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा वय होतं तीस. बार्सिलोनाच्या पेद्रीनं २०२०-२१मध्ये अठराव्या वर्षी क्लब आणि देश मिळून ७३ सामने खेळले, आणि पुढच्या मोसमात तोही बराच काळ बाहेर बसला. हे दोघेही 'तयार' होतेच की! त्यांच्या खेळात खोट नव्हती. मोजायला हवं होतं ते किती खेळवायचं याचं माप.

मुशायऱ्यात नव्या शायराला आधी वाचू देतात. लोक अजून स्थिरावत असतात, चुकलं तरी फार कोणाच्या लक्षात येत नाही. उस्ताद शेवटी वाचतो. फुटबॉलमध्ये उलटं करतात, नव्या पोराला शेवटची पंधरा मिनिटं देतात. हेतू मात्र एकच.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकांत सापडत नाही. आमच्याकडचा पोरगा वडीलधाऱ्यांना 'दादा', 'भाऊ', 'काका' म्हणत वाढतो. मधल्या फळीत उभं राहून तिशीतल्या बचावपटूला "दे इकडे!" असं ओरडावं लागतं. "दादा, द्या ना" म्हणेपर्यंत चेंडू गेलेला असतो. मी त्या पोराला विचारलं, मैदानावर किती बोलतोस? तो खाली पाहून हसला आणि म्हणाला, "चाचा, मोठ्यांना कसं बोलू?" पायांपेक्षा मला या उत्तराची काळजी जास्त वाटली. कोहमाऱ्यात जी रीत चांगल्या घरची खूण आहे, तीच नागपूरच्या मैदानावर त्याला मागे ठेवणार.

वडिलांना मी माझं मत सांगितलं. पोराला पाठवा. वरिष्ठ संघाबरोबर सराव करू द्या, पण सामने कनिष्ठ संघातून खेळू द्या, आणि वरिष्ठांच्या सामन्यांत अधूनमधून शेवटची वीस मिनिटं मिळाली तर बरंच. बारावीची परीक्षा सोडायची नाही. नागपूर इथून अडीच-तीन तासांवर आहे, रोज येणं-जाणं जमणार नाही, म्हणजे राहण्याचाही प्रश्न आला. शिवाय क्लबाला तीन गोष्टी लेखी विचारा. आठवड्याला जास्तीत जास्त किती सामने, राहण्या-जेवणाची आणि अभ्यासाची सोय काय, आणि घोटा किंवा गुडघा गेला तर उपचाराचा खर्च कोण करणार?

त्यांनी पत्र माझ्याकडूनच लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी क्लबाचं उत्तर आलं. सामन्यांचा आकडा दिला होता, राहण्याचा पत्ताही होता. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. वडिलांनी दुसरं पत्र टाकलं आहे. तोवर पोरगा संध्याकाळी गावच्या मैदानावर धाकट्या भावाला मागे उभा करतो. भाऊ बोटं दाखवतो, आणि चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून किती बोटं ते यानं मोठ्यानं ओरडून सांगायचं. काल दहापैकी सहा वेळा बरोबर आलं.