कॅमेऱ्याला शिकवलेला रंग



मी फोटोग्राफर आहे, म्हणून कॅमेऱ्याबद्दलच बोलतो.

रोलच्या जमान्यात फोटो लॅबमध्ये कोडॅकचं ‘शर्ली कार्ड’ असायचं. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. तिच्या कातडीचा रंग प्रिंटवर बरोबर उतरला, की मशीन नीट लागलं. अमेरिकेत शाळेच्या ग्रुप फोटोत गोरी मुलं स्वच्छ दिसत आणि शेजारच्या काळ्या मुलाचे नुसते डोळे आणि दात. आया कळवळून तक्रार करत. पण फिल्म सुधारण्याला जोर मिळाला, तो फर्निचर आणि चॉकलेटवाल्यांच्या तक्रारींमुळे. लाकडाच्या छटा, डार्क आणि मिल्क चॉकलेटमधला फरक फोटोत दिसेना म्हणून! लेकरांच्या चेहऱ्यांसाठी जे झालं नाही, ते चॉकलेटसाठी झालं. मला याचा आजही संताप येतो.

आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? ‘फेअर अँड लव्हली’ ही गोरेपणाची क्रीम १९७५ साली बाजारात आली. नावातला ‘फेअर’ गेला २०२० मध्ये, अमेरिकेत पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा मृत्यू झाल्यावर जगभर लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. आपल्या घरातल्या सावळ्या मुलींनी पाहण्याच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं पचवलेले नकार त्याला पुरले नव्हते.

आता रोल गेले, पण गोष्ट तीच. जॉय ब्युओलाम्विनी ही काळी मुलगी अमेरिकेतल्या एमआयटीत शिकत होती. चेहरा ओळखणारा प्रोग्रॅम तिला ओळखेना; तिने पांढरा मुखवटा चढवला, तेव्हा ओळखलं. मग तिने आणि टिमनिट गेब्रू या संशोधिकेने तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. २०१८ चा तो अभ्यास आहे. समोर बाई आहे की पुरुष, एवढंच सांगायचं होतं. उजळ पुरुषांच्या बाबतीत चुका फार तर ०.८ टक्के, काळ्यासावळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत! अशी यंत्रं ज्या फोटोंवर शिकतात, त्यांत असे चेहरे फार थोडे असतात. आणि चेहरे वाचणारी यंत्रं पोलिसांच्या हातात जातात, नोकरीच्या मुलाखती तपासायलाही वापरली गेली आहेत.

तुमच्यातली बरीच मुलं उद्या सॉफ्टवेअर लिहितील. प्रोजेक्टसाठी चेहरे लागले, तर नेटवरचे आयते उचलू नका. आपल्या वसतिगृहात जा, ऊसतोडीच्या फडावर जा, नीट विचारून, तिथल्या माणसांची परवानगी घेऊन फोटो काढा. उन्हात काढाल तर एक्स्पोजर चेहऱ्यावर धरा, मागच्या आभाळावर नको. आणि फोनचा ब्यूटी मोड आधी बंद करा.