'गो'चं 'वेंट' आणि 'जा'चं 'गेला'
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला भाषेवर बोलायला सांगितलं आणि वेळ दिली दहा मिनिटं. तेवढ्यात एकच क्रियापद मावेल, म्हणून 'गो' निवडलं.

इंग्रजी व्याकरण म्हटलं की आपल्या पिढीला क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता आठवतो. प्ले, प्लेड, प्लेड. तिथवर गाडी सुरळीत. पुढे गो, वेंट, गॉन आलं की डोकं खाजवायचं. 'गो'चं 'वेंट' कसं? दोघांत एक अक्षर सारखं नाही! तेव्हा आपण पाठ केलं आणि पुढे गेलो. पण त्यामागे एक छान गोष्ट आहे.

'वेंट' हे मुळात 'गो'चं रूपच नाही. इंग्रजीत 'वेंड' असं क्रियापद होतं. अर्थ वळणे, वाट धरणे. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसंच वेंड-वेंट. अगदी नियमात बसणारं. 'गो'चा जुना भूतकाळ होता 'एओडे'. तोही 'गो'पासून झालेला नव्हता. तो मागे पडला आणि १५०० च्या सुमारापर्यंत 'वेंट' त्याच्या जागी कायमचा बसला. 'वेंड' बिचारं आज जवळजवळ विस्मरणात गेलंय.

आपण म्हणतो, इंग्रजी भाषाच विचित्र. मग 'जा'चं 'गेला' कसं झालं? 'ज'च्या जागी 'ग' कुठून आला? आपल्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण मराठी आईच्या तोंडून शिकलो. 'जाणे' आलं संस्कृत 'या' धातूपासून आणि 'गेला' आलं 'गम्'च्या 'गत'पासून. इथेही दोन वेगळे धातू एकाच संसारात नांदतात.

असं का होतं? जे शब्द रोज शंभरदा तोंडात येतात, ते मूल नियम कळण्याआधीच ऐकून उचलतं. म्हणून त्यांची जुनी रूपं टिकतात. करणे-केला, मरणे-मेला ही त्याच घरातली. शब्दाचा वापर कमी असेल, तर नियम त्याला हळूहळू गिळतो. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता. आज 'हेल्प्ड' आहे.

आता एक गंमत. 'गो' आणि 'गम्', अर्थ एक, आवाजही सारखा. म्हणजे नातेवाईक असणार, असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही. आपल्या 'गम्'चा इंग्रजीतला सख्खा भाऊ आहे 'कम', म्हणजे येणे! परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये या ध्वनिबदलांचा नियम मांडला. संस्कृतात जिथे 'ग', तिथे इंग्रजीत बऱ्याचदा 'क' सापडतो. संस्कृत 'गो' म्हणजे गाय, इंग्रजीत 'काउ'. तसंच 'गम्' आणि 'कम'. नुसत्या दिसण्यावरून नातं ठरवू नये, हे शब्दांनाही लागू पडतं.

'गो'चे अर्थही पाहा. दूध खराब होतं, तिथे 'गो'. माणूस वेडा होतो, तिथे 'गो'. 'गोइंग टू' म्हणजे आधी खरोखर काही करायला निघणं. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून ते नुसता भविष्यकाळ दाखवू लागलं. आपलं 'जाणे' तरी कुठे एका जागी थांबतं? भिंतीला तडा जातो, मेहनत वाया जाते, नाव विसरून जातं. सुनेला दिवस जातात आणि घरात आनंद होतो. 'एक करायला गेलो आणि भलतंच झालं' म्हणताना आपण जागचे हललेलोही नसतो.

हे सगळं सांगण्याचं कारण आहे. आपली नातवंडं आता इंग्रजी शिकताहेत. एखादं 'गोएड' म्हणेल, आपण हसू, ते गप्प बसेल. तसं करू नका. त्याने प्ले-प्लेडवरून नियम स्वतः शोधून काढलाय. मराठीत मूल 'मी करलं' म्हणतं, तेव्हा हेच घडत असतं. स्कॉटलंडच्या बोलीत तर 'गो'चा भूतकाळ 'गेड' असाच, म्हणजे 'ड' लावूनच होतो. मुलाला आधी शाबासकी द्या, मग 'वेंट' सांगा आणि जमलं तर 'गेला'ची गोष्टही सांगा. इंग्रजीची भीती निम्मी कमी होईल आणि मराठीकडे पाहण्याची नजर वाढेल.

आज आपल्या बाकांवरची काही मंडळी इथे नाहीत. त्यांच्याबद्दल आपण 'गेले' म्हणतो; इंग्रजही 'गॉन' म्हणतात. मरणाला प्रवास म्हणण्याची रीत दोन्हीकडे आहे. पण उंबरठा ओलांडताना आपल्याकडे 'जातो' म्हणायची पद्धत नाही. तेव्हा पुढच्या मेळाव्यापर्यंत, सगळ्यांना नमस्कार.

येतो मी.